वीतभर वाढलेली जरीब

शाळेच्या फाटकाला दोन वेढे देऊन जी गंजकी साखळी अडकवलेली असते ना, ती मी. मित्रांनो, रोज सकाळी तुम्ही मला खडखड ओढता, खाली टाकता आणि प्रार्थनेला पळता. फाटक बांधायलाच माझा जन्म झाला असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. मी जमीन मोजायची साखळी आहे. आमच्या भागात पटवारी मला जरीब म्हणत. आता मला कोणी मोजायला नेत नाही, आणि नेत नाहीत हे योग्यच आहे. ते का योग्य आहे, तेच सांगते.

मी एका कारखान्यात तयार झाले. तो कोणत्या गावी होता ते मला माहीत नाही; भट्टीतून निघालेल्या लोखंडाला गाव कळत नाही. तापवून ओढलेल्या तारेचे शंभर तुकडे केले, प्रत्येकाची दोन्ही टोकं वाकवून डोळे केले आणि लहान लहान कड्यांनी ते एकमेकांना जोडले. दोन टोकांना पितळी मुठी बसवल्या. दर दहा तुकड्यांवर एक पितळी पट्टी लोंबत असे. पहिल्या पट्टीला एक दात, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार, आणि अगदी मधोमध एक गोल पट्टी. दात मोजले की जमीन किती झाली ते कळे. माझी लांबी सहासष्ट फूट. माझ्या ऐंशी लांब्या म्हणजे एक मैल. हे तुम्हाला आता शिकवत नाहीत, कारण मैल गेले आणि किलोमीटर आले. पण पुढची गोष्ट समजायला एवढं लक्षात ठेवा, एकशे साठ लांब्या म्हणजे दोन मैल.

लाकडी पेटीत बसून मी आगगाडीने वर्ध्याला आले. तिथे कचेरीत माझ्या मुठीवर शिक्का मारला आणि बैलगाडीने मला जाम गावाच्या आतल्या अंगाला असलेल्या पळसडोह गावी पाठवलं. चावडीत एका खुंटीवर माझी जागा ठरली.

चावडीसमोर दोन दगड पुरलेले होते. फारसे उंच नव्हते, गुडघ्याच्याही खाली. दोघांच्या माथ्यावर अधिकाची खूण कोरलेली होती आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत बरोबर सहासष्ट फूट होते. दिवाळी झाली आणि मोजणीचे दिवस आले की आधी मला त्या दोन दगडांवर धरून पाहायचं, मी खरी आहे की नाही ते तपासायचं आणि मगच शेतात न्यायचं, असा नियम होता. पहिल्याच दिवशी मला तिथे धरलं. माझ्या दोन्ही मुठी दोन खुणांवर अचूक बसल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण मला आठवतो.

माझी पुढची मूठ तानबा धरत असे. तो गावचा कोतवाल होता, म्हणजे सरकारी निरोप पोचवणारा, दवंडी देणारा आणि पटवाऱ्याबरोबर हिंडणारा माणूस. मला तेल तोच पाजायचा. मोजताना प्रत्येक लांबीला तो जमिनीत सळई खोवायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. पण पहिल्या लांबीला 'एक' म्हणायचा नाही. 'लाभ' म्हणायचा, धान्य मोजताना म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन, चार. त्या आवाजावरून कोणाचं वावर मोजणं चालू आहे ते लांबच्या माणसाला कळत असे. "तानबाची जरीब" असं लोक मला म्हणत. भावाभावांच्या वाटण्या मी केल्या, नाल्याने खाल्लेल्या बांधांची हद्द मी परत दाखवली. माझ्या बोलण्यावर कोणी शंका घेत नसे. कौतुकाचे दिवस होते ते.

तानबाचं घर गावात नव्हतं. चावडीच्या पूर्वेला नाला होता, आणि नाल्यापलीकडे त्याची वस्ती. छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली झाडून सगळी माणसं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. त्यानंतर वस्तीतलं एकही पोर गुरांमागे जाताना मी पाहिलं नाही. सगळी पाटी घेऊन नाला उतरायची आणि चावडीवरून शाळेत जायची. त्यांत तानबाची नात गोपिका होती; ती तर आधीपासूनच शाळेत जात असे. आकड्यांत पक्की. जाता जाता माझ्या पट्ट्यांचे दात बोटाने मोजायची.

आता माझ्या दोषाबद्दल सांगते. मित्रांनो, पेन्सिल झिजली की आखूड होते. खडू झिजला की आखूड होतो. साखळी मात्र झिजली की लांब होते. माझ्या कड्या एकमेकींवर घासत, काळ्या मातीचे कण मध्ये शिरत, आणि प्रत्येक डोळा केसभर मोठा होई. एका केसाने काय होतं? पण माझे तर दोनशे डोळे. बावीस वर्षांत मी वाढत गेले आणि मला स्वतःला ते कळलं नाही. आपली लांबी आपल्याला कळत नसते. ते काम दगडांचं होतं.

आणि दगडांपाशी मला कोणी नेत नव्हतं. पटवारी पुंडलिकराव माणूस वाईट नव्हते. हळू बोलायचे, कोणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचे नाहीत. पण त्यांना कंटाळा होता. दुसऱ्या दगडावर त्यांच्याच गाईच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग रचलेला असे. दर दिवाळीला ते वहीत 'जरीब तपासली, बरोबर' असं सुरेख अक्षरात लिहीत आणि मला तशीच शेतात नेत.

गावात मग एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. वावरं आखडायला लागली. जी जमीन पूर्वी चाळीस लांब्या भरे, ती एकोणचाळीस आणि काही कड्याच भरू लागली. भाजी पिकवणाऱ्या भैयाजीने आपल्या वांग्याच्या वावराची मोजणी मागितली तर ते कमी भरलं. शेजारी त्याच्या सख्ख्या भावाचं वावर होतं. "धुरा कोन सरकवला?" म्हणजे बांध कोणी सरकवला, म्हणून भैयाजी भावावर धावून गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच विहिरीवर पाठी करून उभे राहत. लोक म्हणत, भाऊच तो, जमीन चोरणारच. मीही तेच समजत होते.

सत्तावन सालच्या वैशाखात तालुक्याच्या जनपद सभेचा एक ठराव आला. त्या काळी गावच्या शाळा जनपद सभा चालवत असे आणि मोटार कोणत्या फाट्यावर थांबावी याची शिफारसही तीच करत असे. ठराव असा होता: ज्या गावापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्या गावी पुरी, म्हणजे सगळ्या वर्गांची, शाळा असेल, त्या गावाचा चौथीचा वर्ग बंद करावा, आणि ते गाव त्या दुसऱ्या शाळेच्या हद्दीत टाकावं. मोटारीचा थांबाही तिथलाच धरावा. आमच्या पश्चिमेला गोंदखेडी होती. तिथे मोठी शाळा होती आणि तिथवर नवा मुरमाचा रस्ता झाला होता. तेव्हा प्रश्न एकच उरला, पळसडोहपासून गोंदखेडी किती दूर?

ते मी सांगायचं होतं.

चावडीच्या पायरीपासून मोजायला सुरुवात झाली. सगळीकडे तशीच पद्धत होती. गावाचं अंतर म्हणजे चावडीचं अंतर. मागची मूठ पुंडलिकरावांनी धरली, पुढची तानबाने. लाभ, दोन, तीन. उन्हात माझे पितळी दात तापले होते. गोंदखेडीच्या शाळेच्या पायरीशी तानबाने शेवटची सळई खोवली आणि म्हटलं, "एकशे अठ्ठावन."

दोन मैलांना दोन लांब्या कमी. पुंडलिकरावांनी आकडा लिहिला. तानबा मात्र सळईकडे पाहत उभा राहिला. त्याची नात नुकतीच तिसरी पास झाली होती.

पंधरा दिवसांनी चावडीच्या भिंतीवर कागद लागला. चौथीचा वर्ग बंद, फाट्यावरचा थांबा बंद. तानबा मला तेल लावत बसला होता, तेव्हा त्याची सून पंचफुला तिथे आली. गोपिकाची आई ती. दिवसभर कपाशीच्या वावरात राबणारी, आणि जिभेने कोणाला न घाबरणारी.

"मामाजी, हे खरं हाये का? गोपिका आता गोंदखेडीले जाईन?"

"कागद लागला हाये, बाई."

"पोट्टे जातीन दोन मैल. पोट्टीले कोन पाठोते? नवव्या वर्सी ते घरी बसन, अन् मंग निंदाले जाईन माया मांगं. तुमीच वढली ना जरीब?"

"मीच वढली."

"मंग?"

तानबा बराच वेळ माझ्या कड्या पुसत राहिला. कोतवालाने पटवाऱ्याविरुद्ध बोलायचं नसतं. त्याची चाकरीच तशी होती. शेवटी तो म्हणाला, "चावडीपुढं दोन दगड हायेत. एक दिसते, एक त्या कुटाराखाली हाये. या दगडापासून त्या दगडापर्यंत एक जरीब. बाकी मी काई बोललो नाई."

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं, मग कुटाराकडे पाहिलं, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या पाच-सहा बायका आल्या आणि कुटार उपसू लागल्या. पुंडलिकराव बाहेर येऊन म्हणाले, "अरे, हे काय चालवलंय? माझ्या गाईचं आहे ते!"

"तुमची गायच खाईन जी, आमी नाई खात," पंचफुला म्हणाली. "जरा बाजूले ठेवून राह्यलो."

खालून दगड निघाला. त्यांनी वस्तीच्या विहिरीवरचा आंबाडीचा दोर आणला होता. दोन खुणांमध्ये ताणून त्यांनी दोन्हीकडे गाठी मारल्या आणि नाल्याकडे चालू लागल्या. त्या दिवशी वस्तीने पाणी दुपारून भरलं.

नाल्यापलीकडचं मला खुंटीवरून दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्या पंचफुलाच्या दारापासून मोजत मोजत चावडीवर आल्या. पुढे गोपिका मोठ्याने आकडे म्हणत होती. रस्त्यात भैयाजी वांग्याची टोपली उतरवून उभा होता.

"काऊन वो पंचफुला, पटवारीन झाली का?"

"तुमी कोतवाल होता का मंग? धरा हे टोक."

"माया मागं लय कामं हायेत बाप्पा."

"हाव ना. फाट्यावर मोटार नाई थांबली, तं हे टोपलं डोक्यावर घेऊन जासान वर्ध्याच्या बाजारात. लय कामं वाढतीन तुमची."

बायका हसल्या. भैयाजीने टोपली चावडीच्या पायरीवर ठेवली आणि दोराचं टोक धरलं. तिसऱ्या प्रहरी ती सगळी परत आली. दोराने मोजलेला आकडा होता एकशे सहासष्ट.

त्यावर अर्ज तयार झाला. शाळेचे गुरुजी सरकारी माणूस, त्यांनी तो लिहिला नाही. गोपिकाने लिहिला. गुरुजींनी फक्त शुद्धलेखन तपासलं आणि तपासता तपासता दोन वाक्यं थोडी लांब केली, असं मी ऐकलं. खाली एकतीस अंगठे होते. गावातले आणि वस्तीतले अंगठे एका कागदावर उमटलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

आषाढ लागायच्या आत जनपद सभेचे सभासद बबनराव जीपगाडीतून आले. चावडीसमोर माणसं जमली. बबनराव मोठ्या गावचे, पांढऱ्या टोपीचे. पण बोलायला आमच्यासारखेच.

"एकशे सहासष्ट?" ते म्हणाले. "कायनं मोजलं?"

पंचफुलाने दोर पुढे केला.

"हा तं पोहऱ्याचा दोर हाये! सरकारी जरीब एकशे अठ्ठावन म्हणते अन् तुमी विहिरीचा दोर घेऊन सभेले खोटं पाडता?"

"मी कोनाले खोटं नाई पाडत जी. दोर इथं हाये, जरीब इथं हाये, दगड इथं हायेत. दोन्हीले दगडावर धरा. जे खोटं असन ते फेकून द्या."

 पुंडलिकराव म्हणाले, "दरवर्षी तपासतो साहेब. वहीत नोंद आहे."

"मंग काय भेव हाये?" बबनराव म्हणाले. "आन रे तानबा."

तानबाने मला खुंटीवरून काढलं.  मित्रांनो, मी मोजायला कधी घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले.

आधी दोर धरला. तो दोन बोटं तोकडा भरला. रोज भिजून भिजून आटला होता. बबनराव हसले. मग मला धरलं. मागची मूठ एका खुणेवर ठेवली, आणि तानबाने मला ताणत ताणत दुसऱ्या दगडापर्यंत नेलं. मूठ खुणेवर आली नाही. खुणेच्या पलीकडे गेली.  मूठ जशी होती तशी धरून तानबा वाकून उभा राहिला, सगळ्यांना दिसावं म्हणून.

गुरुजींनी फूटपट्टी लावली. "नऊ इंच," ते म्हणाले. "एक वीत."

"बाप्पा!" कोणीतरी म्हटलं.

बबनराव पुंडलिकरावांकडे पाहत राहिले. पुंडलिकरावांनी वही मिटली. मग बबनराव सावरून म्हणाले, "ठीक हाये. जरीब वीतभर लांब, तुमचा दोर दोन बोटं तोकडा. दोन्हीबी खोटे."

"आमचा दोर पान्यासाठी हाये जी," पंचफुला म्हणाली. "रोज विहिरीत जाते बिचारा. तुमची जरीब तं मोजासाठीच केली!"

आता मात्र चावडी हसली. बबनरावांनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मंग हिशेब करा," ते गुरुजींना म्हणाले. "एकशे अठ्ठावन वेळा एक वीत मिळवली तं किती होते?"

गुरुजी म्हणाले, "ज्या मुलांचा वर्ग आहे त्यांच्यापैकीच कोणीतरी करू दे." त्यांनी पाटी गोपिकाला दिली.

गोपिका दगडावर बसली. एकशे अठ्ठावन नव्वे... ती पुटपुटत होती. इंचांचे फूट केले, फुटांत फूट मिळवले. सगळी माणसं नऊ वर्षांच्या पोरीच्या पेन्सिलीकडे पाहत होती. तिने एकदा पुसलं, परत केलं. मग ती उठली आणि आईकडे न पाहता म्हणाली, "दोन मैलाले साडेतेरा फूट कमी."

कमी. म्हणजे माझी चूक सुधारूनही गोंदखेडी दोन मैलांच्या आतच पडत होती. अवघे साडेतेरा फूट. बायकांमधून "अगं पोरी!" असा आवाज आला. गुरुजींनी पाटी घेतली, ओळ ओळ पाहिली. हिशेब बरोबर होता.

बबनरावांनीही पाटीवर एक नजर टाकली. मग हळूच भैयाजीकडे वळले. "हे पाहा भैयाजी, मोटारीचं मी पाहतो. थांबा परत फाट्यावर ठेवू. तुमचं वांगं बाजारात जाईन. शाळेचं तेवढं राहू द्या. अर्ज मागं घ्या."

भैयाजी माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, हा आता हो म्हणणार. त्याला थांबाच तर हवा होता.

"बबनरावजी," तो म्हणाला, "या जरीबीपाई मी माया सख्ख्या भावासंग तीन वर्स बोललो नाई. धुरा त्यानं सरकवला म्हणलं. धुरा तिथंच होता! हेच वाढली होती. आता हिच्या बोलीवर मी काईच घेत नाई. थांबाबी नाई. आधी बरोबर मोजा, मंग देऊ-घेऊ."

गर्दीच्या कडेला त्याचा भाऊ उभा होता. त्याने मान खाली घातली.

"अन् बरोबर म्हंजे काय?" बबनराव वैतागले. "हिशेब झाला ना! पोट्टीनंच केला."

"तिनं खरं सांगतलं," पंचफुला म्हणाली. तिने गोपिकाचा हात धरला होता. "आता तुमी सांगा. तिचं घर कुठी हाये?"

"घराचा काय संबंध? गाव म्हंजे चावडी. सगळ्या जिल्ह्यात चावडीपासूनच मोजतात."

"चावडीत कोन राह्यते जी? एक भी पोट्टं चावडीत निजत नाई. शाळेत पोट्टी जाते का चावडी जाते?"

कोणी हसलं नाही.

"नाल्यापलीकडं आमी हाओत ना? का पळसडोहात नाई? नसन तं तसं लिहून द्या. मंग आमी मोजत नाई."

बबनरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. ते लिहून देता येण्यासारखं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मला वाटतं, आणखीही काही कळत होतं. ते तानबाला म्हणाले, "घे जरीब. तिच्या दारापासून लाव. वीत मी लक्षात ठेवतो."

तानबाने मला खांद्यावर घेतलं आणि सगळी माणसं नाला ओलांडून वस्तीत गेली. मी कितीतरी वावरं मोजली होती, पण वस्तीतल्या कोणाच्या दारात माझी मूठ कधी टेकली नव्हती. पंचफुलाच्या शेणाने सारवलेल्या उंबऱ्याशी बबनरावांनी स्वतः मागची मूठ धरली. तानबा चालत गेला, मला ताणलं, सळई खोवली आणि असा ओरडला की गोंदखेडीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"लाभ!"

साडेतेरा फूट त्या पहिल्याच लांबीत भरून निघाले होते. बबनराव म्हणाले, "पुरे रे तानबा. झालं."

"नाई जी," तानबा म्हणाला. "चावडीपर्यंत नेतो."

आणि त्याने नेलं. नाल्याचा उतार, नाल्याचं पात्र, वरचा चढ. अंतर सहा लांब्यांना थोडं कमी भरलं. शेवटची सळई त्याने चावडीच्या पायरीशी खोवली आणि मला खाली ठेवलं. त्यानंतर त्याने मला कधीच उचललं नाही, कारण माझं काम संपलं होतं. बबनरावांनी त्याच दिवशी वहीत लिहिलं: जरीब बाद. कानशीने माझ्या मुठीवरचा शिक्का घासून टाकला. दुखलं, पण रास्त होतं.

महिन्याभराने सभेचं पत्र आलं. पळसडोहचा चौथीचा वर्ग राहील. पटवारी पुंडलिकरावांची बदली झाली. मोटारीचं मात्र अर्धंच झालं; फाट्यावर ती फक्त वर्ध्याच्या बाजाराच्या दिवशी थांबेल, असं ठरलं. भैयाजी म्हणाला, "अर्धी तं अर्धी, वांगं रोज थोडीच पिकते." त्याच्या टोपल्या आता त्याचा भाऊ उचलून द्यायचा. आजारी माणसाला मात्र इतर दिवशी बैलगाडीतूनच न्यावं लागे, आणि ते बरीच वर्षं तसंच चाललं. सगळं काही मिळालं असं मी सांगणार नाही.

गोपिका त्या वर्षी चौथीत बसली. वस्तीतली चौथी पास होणारी पहिली मुलगी तीच. पुढे ती नालवाडीला सासरी गेली.

मी काही वर्षं चावडीच्या कोपऱ्यात पडून होते. नवी पोलादी साखळी आली, मग कापडी टेप आला. चावडी पडली तेव्हा भंगारवाला मला नेणार होता. गुरुजींनी मला शाळेत आणलं. एक मैल म्हणजे किती ते मुलांना माझ्यावरून शिकवायचे, आणि शेवटी म्हणायचे, "हिची वीत वजा करा." गुरुजी गेल्यावर ते शिकवणंही थांबलं आणि मी फाटकावर आले. माझे पितळी दात कोणी कोणी तोडून नेले. मधली गोल पट्टी तेवढी शिल्लक आहे. गेल्या हिवाळ्यात एक पिकल्या केसांची बाई फाटकाशी थांबली होती. तिने माझ्या कड्या चाचपत चाचपत ती गोल पट्टी शोधली, अंगठ्याने पुसली आणि आत गेली. कोण ते मी सांगायला नको.

मित्रांनो, पावसाळ्याआधी मला थेंबभर तेल दिलंत तर बरं होईल. नाही दिलंत तरी माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या साखळ्या पुष्कळ होतात. पण त्या दोन दगडांकडे एकदा जा. एक तुमच्या पाण्याच्या टाकीच्या ओट्याला लागून आहे, त्यावर तुम्ही चपला वाळवता. दुसऱ्यावर पुन्हा कोणीतरी कुटार रचलं आहे. तो ढीग बाजूला करा, आणि पुन्हा रचू देऊ नका. मी खोटी झाले होते हे मला माहीत नव्हतं, पटवाऱ्याला पाहायचं नव्हतं, सभेला कळलं नव्हतं. ते दगडांनी सांगितलं. तुमच्या नव्या टेपाचं कधी चुकलं तर ते कोण सांगणार?

आणि कधी कोणी अंतराचा आकडा सांगून तुमची शाळा किंवा तुमची गाडी बंद करायला आला, तर भांडू नका, रडू नका. आकडा नीट ऐकून घ्या. हिशेब करा, तो तुमच्या विरुद्ध गेला तरी खरा सांगा. मग एवढंच विचारा, की मोजताना पहिली मूठ कोणाच्या दारात धरली होती.